पित्त झालें आहे

यंदा सहामाही परीक्षेच्या आधीं नववीच्या वर्गाला आम्हीं एक सोपा अभ्यास दिला होता. रोजच्या बोलण्यांतले दहा शब्द घ्यावे आणि प्रत्येकाचा वाक्यांत उपयोग करून दाखवावा, एवढेंच. त्या दहांत ‘पित्त’ हा शब्द आम्हीं सहज घातला होता. वह्या तपासावयास बसलों तेव्हां मात्र चांगलीच करमणूक झाली. एकानें लिहिलें होतें, ‘शिळें खाल्ल्यानें आईला पित्त झालें.’ दुसऱ्यानें लिहिलें होतें, ‘प्रगतिपुस्तक पाहून बाबांचें पित्त खवळलें.’ एका मुलीचें वाक्य होतें, ‘ताईच्या अंगावर पित्त उठलें म्हणून आजीनें तिला आमसुलाचें पाणी लावलें.’ आणखी एकीचें होतें, ‘उन्हांतून आल्यावर मावशीचें डोकें पित्तानें ठणकतें, पित्त पडून गेलें कीं तिला बरें वाटतें.’ दोन अक्षरांचा एवढासा शब्द, पण त्यानें पोट, स्वभाव, कातडी आणि डोकें या चारहि ठिकाणीं आपलें ठाणें मांडलेलें पाहून आम्हांस हंसूं आलें.

मग शेवटच्या बाकावरील एका अबोल मुलाची वही हातीं आली. त्यानें लिहिलें होतें, ‘माझे आजोबा पित्तानें वारले.’

वाक्यांत व्याकरणाची चूक नव्हती. शुद्धलेखनाचीहि नव्हती. तरी तांबड्या शाईची लेखणी हातांत धरून आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलों. बरोबरची खूण करावी कीं न करावी, हें आम्हांस कळेना. प्रस्तुत लेखाचें मूळ त्या वहींत आहे.

प्रथम शब्दाचेंच पाहूं. ‘पित्त’ हा शब्द संस्कृतांतून जसाच्या तसा मराठींत आलेला आहे. सुश्रुतानें त्याचा संबंध ‘तप्’, म्हणजे तापणें, या धातूशीं जोडला आहे. वात, पित्त आणि कफ या तीन दोषांवर शरीराचा सारा कारभार चालतो असें आयुर्वेद मानतो. त्यांपैकीं पित्त हें उष्णतेचें आणि पचनाचें तत्त्व होय. त्याचे पांच प्रकार सांगितलेले आहेत. पाचक पित्त अन्न पचवितें. रंजक पित्त रसाला तांबडा रंग देऊन त्याचें रक्त करतें. साधक पित्त हृदयांत राहून बुद्धि व उत्साह राखतें. आलोचक पित्त डोळ्यांत राहून दृष्टि देतें. आणि भ्राजक पित्त त्वचेला कांति देतें. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं पित्ताला शरीरभर जीं ठिकाणें दिलीं, तीं कांहीं त्यांनीं आपल्या मनानें दिलेलीं नाहींत. ‘माधवनिदान’ या जुन्या वैद्यकग्रंथांत अम्लपित्त आणि शीतपित्त या दोन रोगांचीं वेगवेगळीं प्रकरणें आहेत. घशाशीं आंबट येणें, छातींत जळजळणें, हें अम्लपित्त. अंगावर गांधी उठून खाज सुटते, तें शीतपित्त. आजीनें आमसुलाचें पाणी लावलें तें या दुसऱ्यावर. घरगुती बोलण्यांत पुढें ‘अम्ल’ गळालें, ‘शीत’ गळालें, आणि दोन्ही दुखण्यांना मिळून नुसतें ‘पित्त’ उरलें.

पश्चिमेकडेहि कांहींसें असेंच घडलें आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांनीं शरीरांत रक्त, कफ, पिवळें पित्त आणि काळें पित्त असे चार रस मानले होते. पिवळें पित्त वाढलेला मनुष्य तापट, आणि काळें पित्त वाढलेला मनुष्य खिन्न, अशी त्यांची समजूत होती. इंग्रजींत उदासपणाला ‘मेलँकली’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘काळें पित्त’ असाच आहे. यूनानी हकीमांनीं याच दोन रसांना ‘सफरा’ आणि ‘सौदा’ हीं नांवें दिलीं. तात्पर्य, प्रगतिपुस्तक पाहून बापाचें पित्त खवळतें, तें एकट्या मराठींतच खवळतें असें नाहीं.

आतां आजचें शरीरशास्त्र काय सांगतें तें पाहूं. शास्त्राच्या पुस्तकांत पित्त म्हणजे यकृतानें तयार केलेला हिरवट पिवळा, कडू रस. निरोगी मनुष्याच्या शरीरांत तो दिवसाकाठीं सुमारें अर्धा ते एक लिटर तयार होतो, पित्ताशयांत सांठतो, आणि जेवणानंतर लहान आंतड्यांत उतरतो. साबणानें तेलकट भांड्याचें तेल सुटावें, त्याप्रमाणें तो अन्नांतील तूप-तेलाचे बारीक कण करतो, म्हणजे मग तें पचतें. हा रस अम्ल नाहीं. छातींत जळजळ होते ती जठरांतील अम्ल वर अन्ननलिकेंत आल्यामुळें. तें अम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड होय, हें विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें १८२४ सालीं प्रसिद्ध केलें.

याच सुमाराची एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवडण्यासारखी आहे. १८२२ सालीं अमेरिकेंत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणाला जवळून बंदुकीचा बार लागला. तो वांचला, परंतु त्याच्या जठराला पडलेलें भोंक कधींच पुरें बुजलें नाहीं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरानें त्या भोंकांतून रेशमी दोऱ्याला बांधून अन्नाचे तुकडे आंत सोडले, आंतील रस बाहेर काढून पाहिला, आणि जठरांत अन्नाचें काय होतें तें डोळ्यांनीं पाहून १८३३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. निरोगी जठरांत पित्त सहसा नसतें, असें त्याला दिसलें. मात्र एकदां तो तरुण अतिशय संतापला असतां त्याच्या जठरांत पित्त आलेलें आढळलें, आणि बोमाँटनें तो संतापाचाच परिणाम मानला. आपल्या भाषेंतील एका वाक्प्रचाराची अशी साक्ष अमेरिकेंत मिळावी, ही मौजच म्हणावयाची.

असो. तेव्हां घशाशीं आंबट पाणी येतें तें अम्ल, आणि रिकाम्या पोटीं वांती होऊन कडू पिवळें पाणी पडतें तें पित्त. जिभेला हा भेद कळतो. शब्दाला कळत नाहीं. दोहोंनाहि आपण पित्तच म्हणतों. उलट, जेथें खरोखर पित्ताचाच बिघाड असतो, तेथें आपण तें नांव घेत नाहीं. पित्तांतील रंगद्रव्य रक्तांत वाढून डोळे पिवळे होतात, तिला आपण कावीळ म्हणतों. पित्ताशयांत खडे होऊन उजव्या बरगडीखालीं कळ येते, तिला पोटशूळ म्हणतों. मावशीचें उन्हानें ठणकणारें डोकें ही बहुधा अर्धशिशी. ती मेंदूची आणि मज्जातंतूंची व्याधि. वांती हें तिचें एक लक्षण आहे, कारण नव्हे. ताईच्या अंगावरच्या गांधींचा तर यकृताशीं कांहींच संबंध नाहीं. त्वचेंत हिस्टामिन नांवाचें द्रव्य सुटल्यानें त्या उठतात. याप्रमाणें एका शब्दाच्या छत्राखालीं निरनिराळ्या घरचीं चार दुखणीं सुखानें नांदत आहेत.

नांदेनात कां, असें कोणी म्हणेल. शब्दानें काय बिघडतें? आमचेंहि पुष्कळ दिवस असेंच मत होतें. ज्या शब्दाबरोबर आजीच्या हातचा मोरावळा, धनेजिऱ्याचें पाणी, साळीच्या लाह्या आणि ताटाशेजारची सोलकढी आठवते, त्या शब्दाला हंसणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. शिवाय एकदां नांव दिलें म्हणजे कारणहि कळलें असें समजण्याची खोड साध्या माणसांनाच असते, असेंहि नाहीं. जठरांत व्रण होतो तो काळजीनें, तिखटानें आणि अम्लानें, असें मोठमोठे डॉक्टर कित्येक वर्षें धरून चालले होते. ऑस्ट्रेलियांत रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनीं १९८२ सालीं एका जंतूचा पत्ता लावला आणि हे बहुतेक व्रण त्याच्यामुळें होतात असें सांगितलें, तेव्हां त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेविला नाहीं. मार्शलनें १८८४ नव्हे, १९८४ सालीं, म्हणजे आमच्या डोळ्यांदेखतच्या काळांत, ते जंतु स्वतः पिऊन आपल्या जठराला दाह करून घेतला. आणि २००५ सालीं त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें. नांवावर समाधान मानल्यामुळें शोध थांबतो, तो असा. घरांत मात्र शोध थांबला तर त्याची किंमत निराळीच पडते. ती आम्हीं एकदां दिली आहे, आणि आतां तीच सांगावयाची आहे.

आमचे थोरले काका, ज्यांना आम्ही सर्व मुलें आप्पा म्हणत असूं, तळकोंकणांतील आमच्या घरीं राहत. पोस्टांत कारकुनी करीत. पित्ताचे ते जुने मानकरी होते. त्यांच्या उशाशीं सूतशेखराच्या पुड्या सदैव असत, आणि काकू त्यांच्यासाठीं वेगळी, तिखट न घातलेली आमटी काढून ठेवीत. १९८९ सालीं गौरीजेवणाच्या दिवशीं घरांत घावन-घाटलें आणि काळ्या वाटाण्यांची उसळ झाली होती. आप्पा त्या दिवशीं पथ्य बाजूला ठेवून पोटभर जेवले. आम्ही तेव्हां कॉलेजांत शिकत होतों आणि सणासाठीं घरीं आलों होतों.

दुसऱ्या दिवशीं पहांटे चार वाजतां आप्पा उठून ओसरीवर आले. आम्ही तेथेंच निजलों होतों. त्यांचा सदरा घामानें ओला झाला होता, आणि बाहेर तर पावसाचा गारवा होता. आम्हीं विचारलें, “आप्पा, काय होतें आहे?”

“छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखें वाटतें आहे रे. हा जबडाहि दुखतो आहे.” मग जरा थांबून ते म्हणाले, “कांहीं नाहीं, कालचें जेवण. पित्त झालें आहे.”

त्या एका वाक्यानें सगळें घर निश्चिंत झालें. काकूंनीं आल्याचा रस काढून दिला. आईनें तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासली. सूतशेखराच्या पुड्या नेमक्या संपल्या होत्या, म्हणून आम्हांस वैद्यांकडे पिटाळलें. पावसांत भिजत, बॅटरीच्या उजेडांत आम्ही गेलों, वैद्यांना हांक मारून उठविलें आणि पुड्या घेतल्या. वैद्यांच्या घरापासून चाळीस पावलांवर गांवांतील एकुलत्या एक जीपवाल्याचें घर होतें. जीप त्याच्या दारांत उभी होती. बॅटरीचा झोत तिच्यावर पडला, हें आम्हांस आजहि दिसतें. ती पाहून आम्ही मागें फिरलों. पित्तासाठीं कोणी जीप काढतो काय?

साडेपांचाच्या सुमारास आप्पांना वांती झाली. “पडलें बाई एकदांचें पित्त,” आई म्हणाली, आणि सर्वांचे चेहरे उजळले. आप्पाहि हंसले. काकू त्यांच्यासाठीं मऊ भात टाकण्यास आंत गेल्या. साडेसातला न्हाणीच्या दारांत ते कोसळले. मग आम्ही धांवत जाऊन जीप आणली. तालुक्याच्या गांवीं पोचण्यापूर्वींच, घाटीच्या उतारावर, काकूंच्या मांडीवर त्यांनीं डोळे मिटले. दवाखान्यांतील डॉक्टरांनीं तपासून आम्हांस एवढेंच विचारलें, “पहिल्यांदां केव्हां दुखलें?” आम्हीं सांगितलें, “पहांटे चार वाजतां.” त्यांनीं भिंतीवरील घड्याळाकडे पाहिलें. पावणेनऊ झाले होते. ते कांहीं बोलले नाहींत.

कागदावर कारण लिहिलें होतें तें हृदयविकाराचें. घरांत मात्र तें कधीं कोणी उच्चारलें नाहीं. काकू शेवटपर्यंत म्हणत, “हे पित्तानें गेले.” आम्हीं जन्मभर मुलांचीं वाक्यें दुरुस्त केलीं, परंतु काकूंचें हें वाक्य कधीं दुरुस्त केलें नाहीं. तसें करावयाचें तर त्या चाळीस पावलांची गोष्ट सांगावी लागली असती. ती आम्हीं घरीं कोणालाहि सांगितली नाहीं. येथें प्रथमच लिहीत आहों. वेळेवर जीप आणली असती तर आप्पा खात्रीनें वांचले असते, असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु जी संधि त्यांना मिळावयास हवी होती, ती एका शब्दानें हिरावून घेतली, आणि तो शब्द ओळखीचा होता म्हणूनच आम्हीं त्याच्यावर विश्वास ठेविला.

पुढें वाचन केल्यावर कळलें कीं, ही फसगत केवळ आमच्याच घरची नव्हे. हृदय आणि जठर हे अगदीं शेजारीं. मध्यें श्वासपटलाचा पडदा काय तो. या शेजाऱ्यांच्या वेदना वाहून नेणारे मज्जातंतु पाठीच्या कण्यांत जवळजवळच्या ठिकाणीं पोचतात, आणि हांक कोणत्या घरांतून आली हें मेंदूला नीट उमगत नाहीं. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तर पोटाच्या वरच्या भागांत दुखूं शकतें, मळमळतें, वांतीहि होते. म्हणून वांती झाली आणि जरा बरें वाटलें, एवढ्यावरून तें पित्तच होतें असें ठरत नाहीं. मधुमेही माणसांत, वृद्धांत आणि स्त्रियांत तर कधीं कधीं छातींत फारसें दुखतहि नाहीं. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखें होतें, किंवा मळमळतें.

या वाक्याची गोष्ट अजून संपलेली नाहीं. वह्या तपासल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीं मधल्या सुट्टींत आम्हीं त्या मुलाला जवळ बोलावून हळूच विचारलें, “आजोबांना काय होत होतें रे?”

तो म्हणाला, “छातींत जळजळत होतें, सर. घाम आला होता. बाबांनीं त्यांना पाण्यांत सोडा घालून दिला.” थोडा वेळ तो पायाच्या अंगठ्यानें जमीन उकरीत राहिला. मग म्हणाला, “आतां बाबा सोड्याची बाटली घरांत ठेवूं देत नाहींत.”

आम्हीं त्याच्या पाठीवर हात ठेविला. त्याच्या बाबांनीं काय केलें असतें तर काय झालें असतें, याविषयीं आम्हीं अवाक्षरहि काढलें नाहीं. ज्यानें स्वतः जीपकडे पाठ फिरविली, त्यानें सोड्याच्या बाटलीविषयीं बोलूं नये. वहींतील त्याच्या वाक्यापुढें आम्हीं बरोबरची खूण केली. वाक्य त्याच्या घरचें होतें आणि घरांत तें तसेंच बोललें जात होतें. भाषेच्या दृष्टीनें तें शुद्धच होतें.

पण त्याच दिवशीं शेवटच्या तासाला आम्हीं व्याकरण बाजूला ठेविलें आणि सर्व वर्गाला फळ्यावरून कांहीं ओळी उतरून घ्यावयास लावल्या. त्याच येथें देतों. पित्त म्हणून जें वाटतें, त्याबरोबर थंड घाम आला, छातीवर दाब आला, दुखणें हात, खांदा, पाठ किंवा जबडा यांकडे गेलें, दम लागला किंवा चक्कर आली, तर त्याला पित्त म्हणूं नये. आलें, सोडा, पुडी यांत वेळ घालवूं नये. दुखणाऱ्याला चालवूं नये. बसवावें आणि ताबडतोब १०८ या क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी, अथवा मिळेल त्या वाहनानें दवाखान्यांत न्यावें. हृदयाचा आलेख काढण्यास थोडीं मिनिटें पुरतात. रक्त अडलेल्या हृदयाचे स्नायु जसजसा वेळ जाईल तसतसे मरत जातात, म्हणून त्यांतील प्रत्येक मिनिट मोलाचें असतें. दवाखान्यांत जाऊन शेवटीं तें पित्तच ठरलें, तर हंसत घरीं यावें. त्या हंसण्यासारखें सुख नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, ‘पित्त’ हा शब्द तुम्हीं टाकून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. तो तुमच्या आजीचा आहे, जुना आहे, आणि पुढेंहि राहील. आमची विनंति इतकीच कीं, हा अंक घरीं नेल्यावर, ‘कांहीं नाहीं, पित्त झालें आहे,’ असें म्हणण्याची ज्यांना संवय आहे, असें वडील मनुष्य तुमच्या घरांत कोण आहे तें पाहा, आणि त्यांच्याजवळ बसून ही पानें त्यांना एकदां वाचून दाखवा.